जायफळ संपलंय म्हणून सांग

माझं माहेर वरकुट्याचं, इंदापूर तालुक्यातलं. बाप मेंढरं राखायचा, म्हंजे बाप, त्याचा बाप, त्याचा आजा, समदी मेंढरामागंच गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आन निघायचं, कुणाच्या वावरात आठ दिस, कुणाच्या वावरात पंधरा. मंग कॅनॉलचं पाणी आलं, चरायची रानं उसाखाली गेली, बापानं मेंढरं इकली आन वाटणीचं दीड एकर कसायला घेतलं. मला साळा दुसरीपर्यंत. पर माणूस वळखाया येतंय मला. मेंढरात वाढलेल्याला लांबनं चालीवरनं कळतं कुठलं आजारी हाय ते, तसं माझं माणसाच्या बाबतीत झालंय. म्हणून तर तुमी दारात आला तवाच मी म्हणलं, ह्या ताई कॉफी प्यायला न्हाय आल्या, ऐकायला आल्यात. बसा की. सांगती.

लग्न होऊन बारामतीत आले. मालक मार्केट यार्डात हमाली करायचे. मी वकीलसाहेबांच्या घरी धुणंभांडी करायची. त्या घरात वकिलीणबाई लई शिस्तीच्या, पर मनानं मोकळ्या. त्यांनी मला कॉफी शिकवली. दूध आटवायचं, साखर आधी घालायची, पूड नंतर, आन उतरवताना सहाणंवर उगाळलेलं जायफळ. जास्त झालं तर माणूस बसल्या जागी पेंगतं आन कमी झालं तर नुसतं गोड दूध. दोन वळसं, बस, त्या म्हणायच्या, दोनच वळसं, सुंदरा. माझं नाव सुंदरा. आता म्हातारी झाले, पर नाव हाय ते हाय.

मालक वारले तवा माझी मंगल सहावीत व्हती. एकच लेक. मंग वकीलसाहेबांनीच कोर्टकचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांची एक पत्र्याची खोली व्हती ती मला दिली, म्हणलं, सुंदराबाई, चहाची धा दुकानं हायेत, तुमी कॉफी करा. मी म्हणलं साहेब, हितं कॉफी कोण पितंय. तर पिऊ लागली की लोकं. एकादशीला, चतुर्थीला तर नुसती रांग, कारण चहा उपासाला चालत न्हाय आन कॉफी चालती असं आपल्याकडं कुणी काढलं ते देवालाच ठाव. आन कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं. भाऊभाऊ भांडायला यायची, इंदापूरकडनं, सुप्याकडनं, एक भाऊ ह्या बाकावर, एक त्या बाकावर, एकमेकाचं तोंड बघत न्हाईत, पर दोघांच्या हातात माझीच कॉफी. एकदा तर धाकटा म्हणला, मावशी त्यांचं पैसं माझ्याकडनं घ्या, पर त्यांना सांगू नका. असं बी बघितलंय मी.

आन तिसरं गिऱ्हाईक म्हंजे चौकशीचं. हे तुमाला सांगितलं पायजे, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. तवा काय व्हायचं, पोरगी बघायला यायच्या आधी पोराकडची दोन माणसं गुपचूप पोरीच्या गल्लीत यायची. घरी जायची न्हाईत. जवळच्या हाटेलात, न्हायतर पानाच्या टपरीवर बसायची आन सहज इचारल्यावानी इचारायची, अमक्याच्या घरचं कसं काय हाय. तितं जे कळंल त्यावर पुढचं समदं. बरं कळलं तर बघायचा कार्यक्रम, न्हायतर योग न्हाय म्हणून निरोप. का न्हाय, ते कुणी सांगत न्हाय आन कुणी इचारत न्हाय. अशी माणसं मला लगीच कळायची. दोघं असायची, धुतलेली टोपी, आन कपाकडं कमी बघायची, समोरच्या दारांकडं जास्त.

आता कळतं म्हणती, पर पहिल्या येळंला कळलं नव्हतं, तितंच तर सगळं झालं.

आमच्या गल्लीत तात्या राहायचे. सगळी गल्ली त्यांना तात्याच म्हणायची. कचेरीतनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, धोतर, काळी टोपी, सकाळी सातला माझ्या दुकानात, घड्याळाखालचा कोपरा त्यांचा. पेपर मोठ्यानं वाचायचे. कुणाला अर्ज लिहून पायजे तात्या, कुणाच्या वाटणीत कुणाचं चुकलं तात्या. आन एक त्यांचं, कॉफी माझी चालायची पर कप माझा चालायचा न्हाय. घरनं पितळंचं फुलपात्र आणून माझ्या फळीवर ठेवलं व्हतं. त्यातच वतायचं, आन ते येगळं घासून येगळं ठेवायचं. मी म्हणलं असू दे, मोठं माणूस हाय, गिऱ्हाईक हाय. रोज चिंचंनं घासायची मी ते, सोन्यावानी दिसायचं.

तात्यांची लेक रेखा. माझी मंगल आन रेखा एका वर्गात. ती पोर म्हंजे काय सांगू तुमाला, एवढ्या मोठ्या घरातली पर माझ्या दुकानात येऊन बसायची, मंगलसंगं दूध बी आटवायची. कप माझाच घ्यायची. तात्या बघायचे आन पेपर वर धरायचे.

मंगलला सुप्याकडचं स्थळ सांगून आलं. पोरगा झेडपीच्या साळंत मास्तर. आमच्यासारख्याला मास्तर म्हंजे, ताई, मला तर झोपच येईना आनंदानं. माझ्या भावानंच आणलं व्हतं ते, मध्यस्थाकडनं. मध्यस्थ म्हणला येतील कधीतरी चौकशीला, तुमाला कळणार बी न्हाय. आन खरंच न्हाय कळलं. दोन माणसं आली, बाकावर बसली, कॉफी मागितली. माझा रॉकेलचा पंपाचा स्टो. त्याचा आवाज असा की शेजारी माणूस वरडलं तरी ऐकू यायचं न्हाय. मी आपली दूध ढवळतीया, आन चार हातावर ती माणसं तात्यांसंगं बोलत्यात. मी बघितलं, तात्यांची मान हलतीया, हात हलतोय. मला वाटलं कोर्टाचं काय तरी इचारत्यात. ती माणसं म्हणली मावशी कॉफी लई झ्याक झाली, तर मी आणखी दोन कप दिलं, तसंच, पैसं न घेता. माझ्याच पोरीचं मोडत व्हतं तितं आन मी हासून कप भरत व्हते.

आठ दिसांनी निरोप आला, योग न्हाय. मी भावाला म्हणलं का. भाऊ म्हणला असं इचारू नये. मी म्हणलं मी इचारणार. त्याच्या मागंच लागले, मंग त्यानं मध्यस्थाला गाठलं, आन त्यानं शेवटी सांगितलं. म्हणला, तितं हाटेलात एक काळ्या टोपीचं म्हातारं माणूस व्हतं घड्याळाखाली, चांगलं वजनदार, त्यांनी सांगितलं की कोर्टात येणारी परगावची माणसं दिसभर हितं बसत्यात आन पोरगी दारात उभी राहून कप देती, मी तीस वर्षं हितं राहतोय, माझा सल्ला इचाराल तर दुसरीकडं बघा. दुसरीकडं बघा. हे एवढंच म्हणलं त्यांनी.

माझी पोरगी कप द्यायची ते खरं हाय. बाप नव्हता तिला, आईला हात दोनच. ती कप देणार न्हाय तर कोण देणार. तात्यांच्या फुलपात्रात कॉफी तीच वतायची की.

त्या दिवशी रेखा आली आन मंगलच्या गळ्यात पडून रडली. तिला काय ठाव नव्हतं, तिला वाटलं नशीब. मी कुणालाच काय बोलले न्हाय. मंगलला बी न्हाय. पुढं दुसरं काय येईना, एकदा स्थळ परत गेलं की त्या पोरीला नवं यायचं कमी व्हतं, मंग सोमेश्वरनगरचा एक मिळाला, बिजवर, दोन पोरं पदरात, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. दिलं. रेखानं तिच्या हातातल्या दोन बांगड्या काढून मंगलच्या हातात घातल्या लग्नात. माणूस वाईट न्हाय जावई, हात उचलत न्हाय, पर हंगामात सहा महिनं ट्रॅक्टरवर आन उरलेलं सहा महिनं बाटलीसंगं. माझी दहावी झालेली पोर सवतीच्या लेकरांचं धुणं धुती. सणाला आली की तिचे हात बघती मी. आन मंग माझी नजर त्या फुलपात्राकडं जाती.

तुमी म्हणाल तवाच तात्यांना तोंडावर का न्हाय बोलले. बोलून काय झालं असतं? ते म्हणलं असतं, मी खरं तेच सांगितलं, आन चार जणांनी मान हलवली असती. मी गप बसले. सहा वर्षं. सहा वर्षं रोज सातला फुलपात्र भरून दिलं, दोन वळसं जायफळ, कमी न्हाय जास्त न्हाय. कसं आहे सुंदराबाई, मंगल बरी ना, म्हणायचे. मी म्हणायची बरी हाय तात्या, तुमच्या आशीर्वादानं. हे म्हणताना माझं तोंड हासायचं. मी मनात म्हणायची, यील. माझ्या बी बाकावर यील एक दिस कुणीतरी.

आन आली ना. इंदापूरची दोन माणसं, एक पोराचा चुलता आन एक मामा. धुतलेल्या टोप्या. तात्या कोपऱ्यात पेपर वाचतायत. मी लांबनंच वळखलं. मामा काउंटरला आला, हळूच म्हणला, बाई, हितं हेडक्लार्क रिटायर झालेले कुणी हायेत, त्यांची रेखा म्हणून मुलगी, कशी काय हाय, घर कसं हाय? आमचा पोरगा इंजिनिअर हाय. हे बोलताना त्यांच्या पाठीमागं चार हातावर तात्या बसलेले, आन ह्यांना ठाव न्हाय की तेच ते. कसं ठाव असणार, तोंड कुणी बघितलं व्हतं? बघायच्या कार्यक्रमाच्या आधी बघायचंच नसतं.

ताई, माझ्या तोंडात आलं व्हतं. पोरगी सोन्यासारखी हाय, डोळं झाकून करा. एवढंच तर म्हणायचं व्हतं. ते खरं व्हतं, आन रतीभर बी खोट नव्हती त्यात. पर माझ्या डोळ्यापुढं मंगलचे हात आले.

मी म्हणलं, मी बाईमाणूस, मला काय कळतंय, दिसभर चुलीपुढं. ते तितं घड्याळाखाली बसल्यात ना, काळ्या टोपीचे, ते तीस वर्षं हितं राहत्यात, समदी गल्ली त्यांना इचारून चालती. त्यांना इचारा. पर एक करा, नाव काढू नका, नाव काढलं की जुनी माणसं सावध व्हत्यात. नुसतं म्हणा, ह्या गल्लीतली पोरगी सांगून आलीया, इथल्या पोरी कशा. ती माणसं म्हणली बरोबर हाय तुमचं.

ती गेली कोपऱ्यात. आन मी स्टो बंद केला. इतक्या वर्षांत दुकान उघडं असताना पहिल्यांदा मी स्टो बंद केला. दुकान असं गप झालं की बाहेरची सायकल ऐकू यावी. मला एक बी शब्द चुकवायचा नव्हता.

आन बोलले. तात्या बोलले. पेपराची घडी केली, चष्मा वर सारला, आन तोच सूर. म्हणले, पोरींचं काय विचारता, कोर्टाची गल्ली ही, परगावची माणसं दिवसभर येऊन बसतात, पोरी दारात उभ्या, हसणं काय, बोलणं काय, मी तीस वर्षं बघतोय. कुठल्या एकीची खात्री द्यायला मी तयार नाही. माझा सल्ला विचाराल तर दुसरीकडं बघा.

तुमी म्हणाल स्वतःची लेक त्यांना आठवली न्हाय का. न्हाय आठवली. तेच तर. गल्लीतल्या पोरी म्हणलं की त्यांच्या डोक्यात आमच्या पोरी यायच्या, रेखा कधी यायचीच न्हाय, ती त्यांच्या हिशेबी गल्लीत राहतच नव्हती. आन आपल्याच पोरीची चौकशी कुणी आपल्यालाच करंल असं कुणाला सुचतंय? मी सहा वर्षं बसून एवढंच तर वळखलं व्हतं त्यांच्यातलं.

माणसं उठली. जाताना तो चुलता, वयस्क व्हता, माझ्यापाशी थांबला. म्हणला, बाई, त्या आजोबांचं बोलणं खरं धरायचं का? ताई, तवा बी येळ व्हती. देवानं मला दुसऱ्यांदा दिली. मी बादलीत कप इसळत राहिले. मान वर केली न्हाय. त्यानं पैसं पुढं केलं, मी हातानंच नगं म्हणलं. गेला.

त्या दिवशी मी जेवले पोटभर, खोटं कशाला सांगू. मंगल सासरी गेल्यापासनं तसं जेवले नव्हते.

पंधरा दिसांनी तात्या आले ते पेपर न उघडता बसले. म्हणले, सुंदराबाई, रेखाचं इंदापूरचं इंजिनिअरचं जमत आलं होतं, मोडलं. कुणीतरी काडी घातली. तुमच्याकडं कुणी आलं होतं का चौकशीला? मी परत स्टो बंद केला. फुलपात्र घेतलं, आतनं बाहेरनं पुसलं. म्हणलं, आली व्हती दोन माणसं. धुतलेल्या टोप्या. तुमच्याच शेजारी बसली व्हती, तात्या. तुमीच सांगितलं त्यांना, दुसरीकडं बघा.

त्यांना आधी कळंना. मंग हळूहळू कळत गेलं ते मी बघितलं, टोपीपासनं खाली उतरत गेलं तोंडावरनं. म्हणले, तुला माहीत होतं? अहोजाहो गेलं तितंच. तू मला सांगायचं होतंस. मी म्हणलं, माझ्या मंगलचं तुमी मोडलं, तवा मला सांगितलं व्हतं का?

तात्या उठले. उठताना बाकाला धरलं. मी ते घासलेलं फुलपात्र त्यांच्या हातात दिलं, म्हणलं घरी न्या हे, आता हितं फळीवर जागा न्हाय. नेलं. त्यानंतर तात्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली न्हाय.

हितं माझी गोष्ट संपायला पायजे व्हती. पर न्हाय संपली. रेखाचं जमलंच न्हाय. एकदा स्थळ परत गेलं ना, माझ्याच मंगलवानी, मंग येणाऱ्यांची मनं मागंपुढं व्हायला लागली, एक आलं ते पत्रिकेवर गेलं, एक तात्यांनीच परतवलं, आता त्यांना कुणाच्याच शब्दावर भरवसा राहिला न्हाय. तिशी उलटली तिची. बालवाडीत शिकवती. आन तात्यांचं गुडघं गेलं, खाटंवरच असत्यात. घरात समदं हाय, दूध हाय, गॅस हाय, पर सकाळी सातला त्यांना माझीच कॉफी लागती. म्हणून रेखा येती. ते फुलपात्र घेऊन. रोज.

पहिल्या दिवशी तिच्या हातात ते बघून मी थांबलेच. न्हाय म्हणून सांगणार व्हते. पर पोर उभी, म्हणती, मावशी, तात्यांनी सांगितलंय फुलपात्रातच आणायची. मी भरलं. पर जायफळ घातलं न्हाय. तसंच दिलं, नुसतं गोड दूध आन पूड. दुसऱ्या दिवशी रेखा म्हणली, मावशी, तात्या म्हणतायत जायफळ घालायचं राहिलं. मी म्हणलं, जायफळ संपलंय म्हणून सांग. तिसऱ्या दिवशी तेच. आता तीन वर्षं व्हत आली, ताई. तीन वर्षं माझ्या दुकानात त्यांच्यापुरतं जायफळ संपलेलं हाय. आन त्यांना बी कळतंय का संपलंय ते. तरी मागवत्यात. रोज.

रेखा मात्र भरून होईपर्यंत बाकावर बसती, आन तिला मी कप देती, माझा कप, त्यात दोन वळसं. ती पिती. वास तिला येत आसंलच की. कधी एका शब्दानं इचारलं न्हाय की मावशी, माझ्यात हाय आन तात्यांच्यात का न्हाय.

एकदाच इचारलं तिनं, ह्या संक्रांतीला. तिळगूळ द्यायला आली व्हती. म्हणली, मावशी, ते इंदापूरचे लोक चौकशीला तुमच्याकडंच आले होते ना? मी म्हणलं व्हय. म्हणली, मग तुमी काय सांगितलं? स्टो चालू व्हता, मला न ऐकू आल्यासारखं करता आलं असतं. पर मी बंद केला. म्हणलं, बाळा, मी काय सांगितलं न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं. आन मंग तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, म्हणली, असू दे मावशी. फुलपात्र उचललं आन गेली.

काय सांगितलं न्हाय, हे खरंच हाय. पर त्या खऱ्यानंच मला खाल्लंय. तात्यांचं मला काय वाटत न्हाय, आज बी परत तसंच करीन. रेखाचं वाटतं. मंगलचे हात बघून मी केलं, आन आता सकाळी सातला रेखाचे हात बघती, मोकळे, बांगड्या न्हाईत, त्या मंगलकडं हायेत.

आता कुणी धुतल्या टोपीचं आलं ना, मी आधीच सांगती, कॉफी घ्या आन सरळ त्यांच्या घरी जावा, पोरीला समोर बसवून इचारा, हितं कुणाला काय इचारू नका. लोकं म्हणत्यात म्हातारी चळली. म्हणू द्या.

थांबा जरा ताई, सात वाजलं, रेखा आली बघा. ये बाळा, बस. देव तुझं चांगलं करो. आन हे घे फुलपात्र, नीट धर, गरम हाय. तात्यांना म्हणावं, जायफळ अजून आलं न्हाय.